काटा वाचणारी

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला, तेव्हा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मला फार काळ लोटला नव्हता. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं धुरकट होतं. हौशी रेडिओचा नाद तरुणपणापासूनचा. त्याची तपासणीची उपकरणं मी घरीच बनवायचो. कॉइल गुंडाळणं बोटांच्या अंदाजाने जमत राहिलं, बोटं भाजून घेत सोल्डरिंगही. मीटरचा काटा मात्र दिसेना.

मग बायकोला हाक मारली. ती नांदगावची. रेडिओत तिला काडीचा रस नव्हता. मांडीवर मेथीची जुडी घेऊन ती शेजारी बसायची आणि मी बटण फिरवलं की आकडा सांगायची. "तीस. पंचवीस. अहो थांबा, वर चाललाय." अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत येते, ते हे मीटर दाखवायचं. काटा जितका खाली तितकं चांगलं. अशा कित्येक संध्याकाळी आम्ही काम केलं, आणि खरं सांगायचं तर लग्नानंतर इतकं बोलणं आमच्यात तेव्हाच झालं.

गेल्या वर्षी मी नवीन मीटर बांधलं. तपासायला अँटेनाऐवजी डमी लोड जोडला, म्हणजे तेलाच्या डब्यात बुडवलेले रेझिस्टर. ते सगळी ताकद गिळतात, परत काही येत नाही. काटा शून्यावर हवा.

"चाळीस," ती म्हणाली.

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारा भाग, उलटा लागला असेल म्हणून मी सगळं उकललं, पुन्हा जोडलं. तरी चाळीस. दुसऱ्या दिवशी अकरा, लगेच परत चाळीस. डायोड बदलले, कॉइल नव्याने गुंडाळली, सोल्डरचा एकेक टाका नखाने दाबून बघितला. चूक सापडेना. माझा आवाज चढायचा, तशी ती आणखी घाईने आकडे सांगायची.

एकदा टेबलाखाली पाय अडकून मीटरची वायर निघाली. मी वाकून ती उचलली. वीज बंद, मीटरमध्ये काहीच जात नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चाळीस. उतरतोय हळूहळू."

वायर माझ्या हातात होती.

"काटा दिसतोय ना तुला?"

"दिसतोय की."

"बोट ठेव बरं त्याच्यावर."

मी हाताने चाचपलं. तिचं बोट मीटरच्या डब्याच्या झाकणावरच्या स्क्रूवर होतं. "बरोबर हाय ना?" तिने विचारलं. ते माहेरचं 'हाय' मी कित्येक वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने सुंदर गोल काढला, आकडे सगळे एका बाजूला दाटीने लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. कागदावर काय आहे ते डॉक्टर मला हळू आवाजात सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "यांना कमी दिसतं. मीच सांगते सगळं."

मीटरला मी आवाज बसवला. परत येणारी ताकद वाढली की सूर चढेल, कमी झाली की उतरेल. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवूनच आली. "बंद करा ते. कोनतरी रडतंय." मी समजावलं. तिने कानांवरचे हात काढले नाहीत.

मग मी कानात इअरफोन घालून बसू लागलो. अँटेना जुळवण्यात गुंग असताना एकदा दार उघडल्याचं मला कळलंच नाही. खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनीच तिला बसस्टॉपवरून हाताला धरून आणलं. पायात चप्पल नव्हती. "वहिनी म्हणत होत्या, नांदगावला जायचंय," ते म्हणाले.

त्यानंतर मी सगळं खोक्यात भरलं. गच्चीवरची अँटेनाची तार वाऱ्याने तुटली, ती अजून तशीच लोंबते आहे. दाराला वरची कडी बसवून घेतली. तिचा हात तिथवर पोचत नाही. दुपारी ती दाराशी जाऊन उभी राहते.

"नांदगावची गाडी गेली का?"

"गेली," मी सांगतो. "आता उद्याच."