रुपरावांचा कान

लकडगंजातल्या मारोतरावांच्या लाकडाच्या टालात सागवानाचा लठ्ठा, म्हणजे अख्खा ओंडका आला, की एका टोकाला गडी हातोडी मारी आणि दुसऱ्या टोकाला रुपराव कान लावत. खणखणला तर भरीव, भद्द वाजला तर पोकळ. बावीस वर्षांत लाकूड चिरणाऱ्या आरामशिनीनं त्यांचा निकाल एकदाही खोटा पाडला नव्हता. त्या कानाची मिजास अशी, की माठ, कलिंगड, नवी खाटसुद्धा ठोकल्याशिवाय घरात येत नसे. बायकोचं, मनकर्णाबाईंचं बोलणं तेवढं त्या कानात शिरत नसे.

अडुसष्ट साली त्यांना टीबी झाला. दवाखान्यात रोज सुई सुरू झाली. डॉक्टर दर सोमवारी विचारत, "कानात आवाज येतो का? लपवू नका, ही सुई कधी कधी कान घेऊन जाते."

"काही नाही जी, साहेब."

दुसऱ्या महिन्यापासून कानात बारीक झांज वाजत होती. पण खोकला उतरला होता, अंगावर मांस चढत होतं आणि कानाची गोष्ट टालात कळली तर आपल्याला विचारणार कोण, या विचारानं रुपरावांचा जीव खालीवर होई. औषध चढून राहिलं म्हणून कान वाजतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या महिन्यात त्यांनी एकही लठ्ठा नापास केला नाही. सगळेच खणखणत होते! मारोतराव खूश. मग एका सकाळी रुपरावांनी पास केलेला लठ्ठा आरामशिनीवर चिरला आणि आतून ओंजळभर भुसा आणि वाळवीची माती सांडली. टालातले सगळे रुपरावांकडे बघू लागले.

घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. मनकर्णाबाईंना काय ते उमगलं. फुटका माठ घेऊन त्या मागे उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अजी, ठोकून राहिली, ऐका! कसा हाय?"

"खणखणीत."

"मी हातबी लावला नाही अजून."

रुपराव ढसाढसा रडले. दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाईंनी त्यांना डॉक्टरांपुढे बसवून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, सुई बंद केली, गोळ्या दिल्या. टीबी बरा झाला. गेलेलं ऐकू येणं मात्र परत आलं नाही.

मारोतरावांनी तोड काढली. आता हातोडी रुपराव मारत आणि पलीकडे पदर सावरत मनकर्णाबाई कान लावत. पहिल्या दिवशी लठ्ठ्यावर त्यांनी खूप वेळ डोकं टेकवून ठेवलं. रुपराव कासावीस झाले.

"काय म्हन्ते वं तो?"

त्यांनी सांगितलं. झांजेत काही कळेना. मग रुपराव हातोडी खाली ठेवून लठ्ठ्याला वळसा घालून आले, बायकोच्या तोंडाजवळ कान नेला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, "पुन्हा सांग."