कंदुरीनंतरच्या गोळ्या

शरीफा बांगडीवालीला ओळखत नाही असं माणूस जवळा बाजार गावात शोधून सापडायचं नाही. हात कितीही ताठर असो, ती अंगठ्याखाली असं काही दाबते की काकण मनगटावर गेल्यावरच बाईला कळतं. जीभही तशीच चालते. "सासू खाऊ घालत न्हाई काय? नुसती हाडंच हाती लागून राहिली," असं म्हणते, न गिऱ्हाईक हसेपर्यंत हात भरून मोकळी.

अशा बाईला आतड्याचं दुखणं लागलं. पोटात मुरडा, आव, रक्त. बाजारात बसायची हिंमत होईना. हातात गिऱ्हाईकाचा हात, नजर मात्र परसाकडं जायला आडोसा कुठं आहे तिकडं. नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं बघितलं. म्हणाले, "आतून सूज आहे, जखमा आहेत. गोळ्यांनी आराम पडेल. पण आराम पडला म्हणून आपल्या मनानं गोळ्या सोडायच्या नाहीत. हा आजार मुळासकट जाणारा नाही." शरीफानं मान हलवली. मान हलवायला काय जातं?

गोळ्या लागू पडल्या. रक्त थांबलं, अंगावर मांस धरलं. तिच्या नवऱ्यानं, नासेरनं, मन्नत मागितली होती. त्यानं दर्ग्यावर कंदुरी केली, बोकड कापला, अख्खी गल्ली जेवू घातली, न "आमची शरीफा पार बरी झाली" असं ज्याला त्याला सांगत सुटला. आता एवढं झाल्यावर गोळी गिळायची कशी? मन्नत फेडायची न वरून औषधही चालू ठेवायचं, म्हणजे पिरावर भरवसाच नाही की. तिला कुणी बंद कर म्हटलं नाही, तिचं तिनंच ठरवलं. पाकिटं पिठाच्या डब्यामागं ढकलली न नासेरलाही सांगितलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

उन्हाळा बरा गेला. मग शिरड शहापूरहून अनुश्री नावाच्या पोरीच्या लग्नाचा चुडा भरायचं बोलावणं आलं. नासेरनं तिला मोटरसायकलवर नेऊन सोडलं. सकाळपासून पोट गुरगुरत होतं. रात्रीचं वांगं बाधलं, असं तिनं मनाला समजावलं, पण मन काही ऐकेना.

आमच्याकडं नवरीचा हात भरायला घेतला की दोन्ही मनगटं भरेपर्यंत बांगडीवालीनं जागचं हलायचं नसतं. अर्धा हात टाकून उठणं म्हणजे अपशकुन. अनुश्रीचा डावा हात भरून झाला, उजव्यात निम्मी काकणं चढली, न शरीफाच्या पोटात मुरडा आला. तिनं तो तेव्हाच ओळखला. वांग्याचा नव्हता तो.

अंगाला दरदरून घाम फुटला. बोटं कापायला लागली. बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर नवरीचं वाईट, उठावं तर नवरीचं वाईट, आणि बसून राहावं तर इथंच, सगळ्या बायांसमोर... तिनं दात दाबून आणखी एक काकण चढवलं. मग मात्र उठली.

"अगं, हात अर्धा हाय. बस खाली," नवरीची आत्या बेबीबाई म्हणाली.

"मला जाऊ द्या, आत्याबाई," एवढंच म्हणून ती मागच्या संडासाकडं पळाली.

रक्त होतं. चांगलं लाल.  नांदेडच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं होतं, लईच बिघडलं तर आतडं काढून टाकतात. ते तेव्हा तिनं हसण्यावारी नेलं होतं. आता तेच कानात घुमायला लागलं न तिला उठवेना.

हात स्वच्छ धुऊन ती परत आली. बेबीबाईनं तोंड फिरवलं. अनुश्रीनं मात्र आपणहून हात पुढं केला. "भरा, काकू. माझं काही होत न्हाई." शरीफानं उरलेली काकणं भरली. त्या दिवशी तिनं कुणाची थट्टा केली नाही.

नासेर तिला न्यायला येऊन रस्त्यावर गाडीपाशी उभा होता. तिनं त्याला सरळच सांगितलं, "रक्त पडलं."

त्याचा चेहरा उतरला. "कंदुरीत आपलं काही चुकलं का?"

"कंदुरीत काही न्हाई चुकलं. गोळ्या म्या बंद केल्या."

"काहून?"

"बरी झाले म्हणून."

त्यानं तिच्या हातातली बांगड्यांची पेटी घेऊन गाडीला बांधली. मग म्हणाला, "उद्या सकाळीच नांदेडला जाऊ. गोळ्या पुन्हा सुरू करू. पण मला सांग, असं गोळ्या खाऊन खाऊन तू पार बरी कधी व्हशील?"

"झाले होते की. रोज गोळी खात होते, बाजारात बसत होते, भाकर पचत होती. तेच बरं होणं होतं. आपल्याला ते कमी वाटलं." तिनं पोटावर हात दाबून धरला. "तेवढी तरी आता परत व्हईन का, याचंच भ्याव वाटून राहिलं."