ताईने ऐकलेला अंतिम सामना

निलाबेनचा फोन आला तेव्हा मी शांती नगरमधल्या आमच्या घराखाली भाजी घेत होते. "मंदाबेन, आप जल्दी आओ. सुनंदाबेन उठ नहीं रही," एवढंच त्या बोलल्या. निलाबेन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहणाऱ्या सुनंदाताईच्या शेजारीण. रिक्षाने पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. सकाळचा चहा पिऊन ताई जरा आडवी झाली होती, ती तशीच गेली. टेबलावर जाड मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेला एक कागद होता. 'मंदाला विचारणे : वाळूवर पावलांचा आवाज वेगळा येतो. मग ते लोक तिथून पळताना घाबरत का नाहीत?' मला उत्तर माहीत नव्हतं. सहा आठवडे झाले, अजूनही नाही.

ताईला प्रश्न पडायचे. लहानपणापासून. गिरगावातल्या आमच्या खोलीत घड्याळ दुरुस्त करायला माणूस आला की ही त्याच्या समोर मांडी ठोकून बसायची आणि तो बिचारा काम सोडून उत्तरं देत राहायचा. पुढे तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली आणि चौतीस वर्षं ती कानाला हेडफोन लावून बसली. ट्रंक कॉलच्या काळात लाइनवरच्या खरखरीवरून ती सांगायची, हा नागपूरचा, हा पणजीचा. नुसता श्वास ऐकून समोरचा माणूस वाईट बातमी देणार आहे हे कळतं, असं म्हणायची. आम्हाला ती थाप वाटायची...

भाओजी गेल्यावर तिच्या घरात ती आणि केतकी, तिची एकुलती एक मुलगी, अशा दोघीच राहिल्या. केतकीने इंजिनीअरिंग केलं, अंधेरीच्या एका ऑफिसात दोन वर्षं काढली आणि एक दिवस राजीनामा देऊन आली. कशासाठी, तर व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये काम करायला. पाचजणांचा एक संघ, समोर दुसरा पाचजणांचा, हातात बंदुका, आणि जगभरातले लाखो लोक ते बघतायत. मी डोक्याला हात लावला. ताईने विचारलं, "तू खेळणार?"

"नाही आई. मी ऑब्झर्व्हर. दहा खेळाडू दहा ठिकाणी असतात. कोणत्या क्षणी कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, ते मी ठरवणार. खेळाच्या आतला कॅमेरा समज."

"म्हणजे तू जोडून देणार," ताई म्हणाली. "कुणाची लाइन कुठे लावायची ते." आणि खूश झाली. एवढ्या एका वाक्यात तिला मुलीचं काम पटलं होतं. मला पटायला तीन वर्षं लागली.

केतकी बंगळुरूला गेली, तिथून स्पर्धांसाठी देशोदेशी जायला लागली. आणि नेमकं त्याच सुमारास ताईचे डोळे गेले. पडद्याचा आजार. सगळा अंधार नाही, पण जिथे बघायचं तेवढंच पुसलं जायचं. माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आजाराचा वेग कमी होईल म्हणाले, गेलेलं परत येणार नाही म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला. "केतूला सांगायचं नाही. ती सगळं सोडून इथे येऊन बसेल. शप्पथ घे." मी घेतली. चूक केली की बरोबर, हा प्रश्न ताईचा नाही, माझा आहे, आणि तो मला अजून पडतोय.

मग तिला नवीन प्रश्न पडला. मुलगी जगाला जे दाखवते ते आपल्याला दिसत नसेल, तर दुसऱ्या कशाने कळेल? आमच्या शांती नगरमध्ये एका गाळ्यात गेमिंग कॅफे आहे. मालक फिरोजभाई, पन्नाशीचे. त्याच गाळ्यात त्यांचं आधी एसटीडी बूथ होतं, मग सायबर कॅफे, आणि आता हे. एका दुपारी ताईने मला तिथे ओढत नेलं आणि काउंटरवर सरळ सांगितलं, "भाईसाब, मेरेको खेलना नहीं है. सुनना है." तोडक्यामोडक्या हिंदीत तिने आपण कोण ते सांगितलं. एक्स्चेंजचं नाव ऐकल्यावर फिरोजभाईंनी खुर्ची पुढे केली. "अरे आंटी, आप लोगों की लाइन पे तो हमारा बूथ चलता था."

आठवड्यातून दोन दुपारी ती तिथे जायची. फिरोजभाई स्वतः खेळायचे, ती शेजारी दुसरा हेडफोन लावून बसायची. लाकडावरची पावलं, पत्र्यावरची, फरशीवरची. बंदुकीत गोळ्या भरतानाचा खटका. पेरलेल्या बॉम्बची टिकटिक, शेवटी शेवटी घाई करणारी. तिला सगळ्यात आवडली ती एक गोष्ट, आणि ती तिने मला रिक्षात तीनदा समजावली. कॅमेरा ज्या खेळाडूवर असेल, त्या खेळाडूच्या कानांना जे ऐकू येतं तेच आपल्यालाही ऐकू येतं. "म्हणजे मंदा, केतू नुसतं दाखवत नाही. ती मला कान बदलून देते."

वर्षभराने ती मोठी स्पर्धा आली. जगभरातले संघ, महिनाभर चाललेले सामने, आणि अंतिम सामन्याला मुख्य ऑब्झर्व्हर आमची केतकी. सामना पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरात होता, त्यामुळे आपल्याकडे भर दुपार. मी डबा घेऊन इंद्रलोकला गेले. निलाबेन ढोकळा घेऊन आल्या, थोडा वेळ बसल्या, "ये सब ठिशुम ठिशुम मेरे से नहीं होगा," म्हणून गेल्या. ताईने जेवण बाजूला सारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन्ही संघ बरोबरीत येऊन शेवटची राऊंड उरली. बचाव करणाऱ्यांचे दोघे शिल्लक, हल्ला करणाऱ्यांचे तिघे. एक बचाव करणारा अंगणात लढत होता, दुसरा एका गोदामात पेट्यांमागे दबून बसला होता. कॅमेरा गोदामात होता. समालोचक अंगणाबद्दल ओरडत होते, तिथे धडाधड गोळ्या चालल्याचं दुरून ऐकू येत होतं, आणि आपल्याला दिसत होती फक्त एक भिंत आणि चार पेट्या. मला वाटलं, आता कॅमेरा हलेल. हलला नाही. ताईने हात वर केला.

"कुणीतरी येतंय," ती हळूच म्हणाली. "लोखंडी जिना आहे. एकटाच आहे... धावत आला, आता थांबला."

मला गोळ्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पेट्यांमागचा खेळाडू मात्र वळला. त्यानेही ऐकलं असणार. जिन्यावरून एक सावली खाली आली, पेट्यांमागून एकच गोळी सुटली आणि सामना संपला. तिकडे अंगणात त्याच्या जोडीदाराने पडण्याआधी दोघांना टिपलं होतं म्हणे, पण ते आम्हाला नंतरच्या रिप्लेत दिसलं. ताई गालात हसत होती.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. ताई तो नेहमी स्पीकरवर ठेवायची. आवाज बसलेला होता.

"आई, बघितलंस?"

"हो."

"मग तुलाही कळलं असेल. सगळे मला शिव्या देतायत. सामन्यातली सगळ्यात मोठी लढाई अंगणात चालली होती आणि मी लोकांना भिंत दाखवत बसले. उद्या मीटिंग आहे. मला पुन्हा बोलावतील असं वाटत नाही."

ताईने फोन जवळ ओढला. मी तिच्याकडे बघत होते. ती काय तोलत होती ते मला माहीत होतं.

"केतू," ती म्हणाली, "मी बघितलं नाही. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. पण जिन्यावर एकजण धावत आला आणि मध्येच थांबला, ते मी ऐकलं. तू तिथे थांबलीस म्हणून ऐकलं. हलली असतीस तर मला फक्त आरडाओरडा मिळाला असता."

केतकीने विचारलं, "मावशी आहे तिथे?"

"आहे."

"तिला माहीत होतं?"

"मीच शप्पथ घातली होती."

फोन बंद झाला. केतकी महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला त्याबद्दल काही म्हणू शकत नाही. कामावरून मात्र तिला कुणी काढलं नाही. मीटिंगमध्ये बरंच ऐकून घेऊन ती पंधरा दिवसांसाठी घरी आली. पहिले दोन दिवस दारं आपटली, तिसऱ्या दिवशी आईला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनीही तेच सांगितल्यावर रस्त्यात उभी राहून रडली. मग एका दुपारी तिने त्या राऊंडचं रेकॉर्डिंग लावलं. मी चहा करत होते, स्वयंपाकघरातून ऐकलं.

"खरं सांगू आई? मी ठरवून थांबले नव्हते. समोरच्या नकाशावर मला सगळे दिसत असतात. अंगणात जायला हवं हे कळत होतं. हात चाललाच नाही."

"आवाज किती होता तुझ्या कानात?"

"पूर्ण."

"मग जिना तुलाही ऐकू आला असेल. तुला कळायच्या आत हाताला कळलं."

"असं होतं?"

"माझं व्हायचं," ताई म्हणाली. "पण तुझं तेच झालं का, ते मला कसं ठाऊक असणार? परत लाव." त्यांनी ते सात-आठ वेळा लावलं. निकाल काही लागला नाही. दोघींनाही तो लागायला नको होता, असा मला संशय आहे.

त्यानंतर ताई आठ महिने होती. केतकी कुठल्याही देशात असली तरी सामना संपल्यावर पहिला फोन इथे. काय दिसलं असं कधी विचारायची नाही, काय ऐकलंस असं विचारायची. फिरोजभाई तेराव्याला आले होते. चपला काढून दारातच उभे राहिले. "आंटी का सवाल रह गया मेरे पास, सोच के बताता हूँ बोला था," म्हणाले. कोणता सवाल, ते मी विचारलं नाही.

परवा घर झाडायला म्हणून मी इंद्रलोकला गेले. बाहेरच्या खोलीत ताईची वेताची खुर्ची आहे, ती टीव्हीकडे तोंड करून नसते, खिडकीकडे आडवी असते. ताई गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण ती न विचारता सरळ करायचा आणि केतकी काही न बोलता पुन्हा आडवी करायची. बंगळुरूला परत जाण्याआधी तिने खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. झाडताना मी खुर्ची हलवली, मग खुणा बघून पुन्हा तशीच ठेवली आणि जरा टेकले. तिथून टीव्ही दिसत नाही. समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसते, वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि डावा कान बरोबर टीव्हीसमोर येतो.