शेवटच्या बाकावरची कोंसू

फोन आला तेव्हा मी नातीच्या शाळेचा दुसरा मोजा शोधत होते. "मावशी, आई गेली," कोंसूची मुलगी शीला म्हणाली. "पहाटे, झोपेतच." मी म्हटलं, "बरं." पंच्याहत्तरी गाठलेल्या बाईकडे मरणाच्या बातमीला याहून शहाणं उत्तर असायला हवं, पण तोंडातून निघालं ते हेच. मग शीला म्हणाली, "देवळात मिस्सेच्या आधी नाव वाचतील ना? नीट वाचायला सांग गं. पप्पांच्या नावासकट." ... हातातला एकुलता मोजाही खाली पडला. पोर सहज बोलली असेल. पण कोंसूचं नाव देवळात वाचण्यावरून पूर्वी जे घडलं ते माझ्यामुळे घडलं, आणि हे शीलाला ठाऊक आहे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. याला दीड महिना झाला. लिहायला आत्ता बसले, कारण पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पत्रकात तिच्यावर जे छापून आलंय ते वाचून डोकं फिरलं. त्यात तिला 'मूक सेवेची मूर्ती' म्हटलंय. मूक म्हणे. कोंसूला मी एकाच विषयावर गप्प बसलेली पाहिली, आणि तो विषय पत्रकात नाही.

आम्ही कांदिवलीच्या गावठाणातले जुने ख्रिस्ती. घरात मराठी बोलणारे, चर्चला देऊळ म्हणणारे. कोंसू मनोरीची, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात वाढलेली. ऐंशीच्या सुमारास ती आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायला आली. नवरा दशरथ, मालवणकडचा हिंदू, गिरणीत कामाला. दोघांचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालेलं. माझं म्हणाल तर मी तेव्हा बत्तीस वर्षांची, पॅरिशच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, डोक्यावर लेसचा रुमाल आणि चेहऱ्यावर असा भाव, की सेंट पीटर कधी रजेवर गेलाच तर स्वर्गाच्या किल्ल्या माझ्याकडेच ठेवून जाईल. घरोघर फिरून कुटुंबांचं रजिस्टर लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर सुंदर. कोंसूच्या पानावर मी तिच्या बापाचं नाव लिहिलं आणि नवऱ्याच्या रकान्यात एक रेघ ओढली. "अगं, हा माणूस तुझ्यासमोर चहा पितोय," कोंसू म्हणाली, "आणि तू त्याच्यावर रेघ मारतेस?" मी म्हटलं, "देवळात लग्न झालेलं नसेल तर देवळाच्या वहीत नवरा नसतो." दशरथ बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाला, "बरा झाला. म्हणजे तुमच्या नरकाच्या यादीतय माझा नाव नाय."

मग गिरण्यांचा संप लांबला, आणि दशरथसारख्या माणसांच्या घरातल्या चुली थंडावायला लागल्या. आमचे तेव्हाचे म्हातारे फादर फार बोलणारे नव्हते. एका रविवारी प्रवचनात त्यांनी एवढंच सांगितलं, की भुकेल्याला जेवू घातलं नाहीत तर मलाच घातलं नाहीत, असं येशू म्हणाला. बाकीचं घरी जाऊन वाचा. दुसऱ्या दिवसापासून देवळाला लागून असलेल्या हॉलमध्ये दुपारी डाळ-भात सुरू झाला. भाताचं पातेलं कोंसूकडे. स्वतःची चूल विझत आलेली बाई दुसऱ्यांसाठी भात शिजवतेय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण मी दारात टेबल टाकून वही उघडून बसले होते. नाव, पत्ता, धर्म कुठला, पॅरिश कुठलं. रांग गेटाबाहेर गेली. कोंसू आतून हातात उलथनं घेऊन आली. "तेरू, येशूने पाच हजारांना जेवू घातलं, तेव्हा दारात वही घेऊन कोण बसलं होतं गं?" रांगेतली माणसं हसली. फादरही हसले. मी वही मिटली, पण ते हसणं माझ्या कानात मिटलं नाही. पुढे महिनोन्महिने हॉलमध्ये कुणाला काही विचारायचं नाही, हा नियमच झाला, आणि जो तो कोंसूचं नाव घ्यायला लागला. माझ्या सुंदर अक्षराचं नाव कुणी घेईना... मला वाटतं, तिथेच माझ्या आत काहीतरी आंबायला लागलं.

रविवारी मात्र ही बाई शेवटच्या बाकावर, अगदी कडेला बसायची. मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, फादर वेदीवरचा नाण्याएवढा पातळ पाव वाटतात. आमच्या श्रद्धेप्रमाणे तो नुसता पाव राहिलेला नसतो, तो स्वतः ख्रिस्त. आमचा सगळा धर्म त्या एका घासात आहे म्हटलं तरी चालेल. जिचं लग्न देवळात झालेलं नाही तिला तो घास मिळत नाही. त्यामुळे सगळं बाक उठून पुढे रांगेत जायचं, आणि कोंसू बसल्या जागी गुडघे एका बाजूला वळवून वाट करून द्यायची. माणसं परत येताना पुन्हा वळवायची. हॉलमधल्या टेबलांवर तिने किती गल्ल्या जेवू घातल्या. मधल्या भिंतीपलीकडच्या टेबलावर तिला ताट नव्हतं. मला त्यात तेव्हा काही विचित्र वाटत नसे. मीही तिच्या गुडघ्यांना घासूनच पुढे जायचे, हात जोडून, डोळे अर्धे मिटून, चित्रातल्या संतिणीसारखी.

तरी आमची मैत्री होती, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं पुरेसं वाईट वाटणार नाही. एका मे महिन्यात ती मला माहेरी घेऊन गेली. मार्व्याहून होडीत बसलो. दोघींच्या मध्ये कैऱ्यांची पिशवी. खाडीच्या मध्यावर ती म्हणाली, "तुला सांगते, सोळाव्या वर्षी माझा साखरपुडा झाला होता. मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो गेलाच. दोन वर्षांनी आईने अंगठी परत केली. कुठे बोलू नको, दशरथला कुणी त्यावरून काही म्हटलं तर खपणार नाही." मी कैरीची फोड चोखत म्हटलं, "मी कशाला बोलू?"

म्हाताऱ्या फादरांनी दशरथला देवळातल्या लग्नाला कसं तयार केलं ते ऐका. संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन ते त्याच्याशी पत्ते खेळत. तीन महिने. एकदा देवळात उभं राहायचं, कोंसूला हो म्हणायचं, धर्म बदलायचा नाही. बिशपांची परवानगी आली. आता आमच्याकडे रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं देवळात मोठ्याने वाचतात, आणि कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने फादरांना येऊन सांगायचं. फादर म्हणाले, तुमचं रजिस्टर लग्न झालेलं आहे, नावं वाचायची गरज नाही, सकाळच्या वेळी गुपचूप उरकून टाकू. कोंसू ऐकेना. "गुपचूप का? माझा नवरा काय चोरीचा माल आहे? सगळ्यांची वाचता तशी माझीही वाचा." पहिल्या रविवारी नावं वाचली. दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून गेटाजवळ उभा राहून ऐकत होता. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर कोंसूचा चेहरा असा झाला होता, की तो मला बघवला नाही.

सोमवारी मी फादरांकडे गेले. म्हटलं, "फादर, मनोरीला हिचं आधी लग्न झालेलं असावं." साखरपुडा हा शब्द मी उच्चारला नाही. फादरांनी विचारलं, "तेरेजा, तुझी खात्री आहे?" "मी माझं कर्तव्य केलं," मी म्हणाले. कर्तव्य... त्या वयात मत्सराला मी याच नावाने हाक मारायचे.

दुसऱ्या रविवारी नावं वाचली गेली नाहीत. मनोरीला पत्र गेलं. असं कुठलंही लग्न झालेलं नाही, हे उत्तर यायला इतके दिवस लागले, की तोवर म्हाताऱ्या फादरांची बदली झाली. नवे फादर कडक. उत्तराची वाट न पाहता त्यांनी दशरथला ऑफिसात बोलावून कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बायकोच्या आधीच्या नवऱ्याबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" दशरथ खुर्चीवरून उठला. बाहेर व्हरांड्यात आम्ही चारपाच बायका फुलं निवडत होतो, आमच्या देखत तो कोंसूला म्हणाला, "देवावांगडा माझा भांडाण नाय. पण तेच्या शिपायांसमोर मी परत उभो ऱ्हवचंय नाय." त्याने शब्द पाळला. तो मरेपर्यंत देवळाची पायरी चढला नाही, आणि कोंसूने त्याला कधी चढ म्हटलं नाही.

मला वाटलं, आता ही हॉलमध्ये यायची नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर मोरीत बसून तांदूळ धूत होती. मान वर न करता म्हणाली, "होडीत आपण दोघीच होतो, तेरू. आणि होडीवाला बहिरा." मी वाकून तिचं पातेलं धरायला गेले. मग म्हटलं, "माफ कर गं." ती म्हणाली, "माफीचं खातं फादरांकडे. माझ्याकडे भाताचं आहे. सर बाजूला, पाणी सांडतंय." बस. या विषयावर ती एवढंच बोलली. पुढे वर्षानुवर्षं आम्ही एकत्र कांदे चिरले, आजाऱ्यांच्या घरी गेलो, एकमेकींच्या पोरींची लग्नं केली. तिने मला माफ केलं असं कुणी म्हणू नये. तिने कामात खंड पडू दिला नाही, एवढंच. मी मात्र कुमसार केलं, म्हणजे फादरांच्या कानात पाप कबूल केलं. तीनदा, तीन वेगळ्या फादरांकडे. तिघांनी क्षमा केली आणि थोड्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या. त्या मी बस येईपर्यंत संपवल्या. पाप केलं मी, आणि सगळ्या बाकांवरून उठून पुढे जायची मुभा मला. बसून राहायचं तिने.

दशरथ गेला त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हाच्या फादरांनी मला सांगितलं, की आता ती विधवा आहे, एकदा कुमसार करून टाकू दे, मग तिला मोकळीक. मी धावत गेले. म्हातारपणी माणूस पळतो तो असा, स्वतःचं ओझं उतरवायला. कोंसू उशीचा अभ्रा शिवत होती. सगळं ऐकून घेतलं. "आणि कुमसारात सांगू काय? या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले त्याचा पश्चात्ताप होतोय म्हणून? होत नाही गं. तो गेला आणि मी शुद्ध झाले म्हणायचं, तर तो काय मला झालेला आजार होता?" तिने दोरा दाताने तोडला. "खोटं बोलून देवाला तोंडात घ्यायचं, ते तुझ्यासारखीला जमतं. मला नाही जमायचं." हे ती हसत म्हणाली. मीही हसले. घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही, आणि सुनेला सांगितलं की पोट बिघडलंय.

शेवटची भेट ती जायच्या आधीच्या शुक्रवारची. गेली काही वर्षं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी वेदीवरचा पाव छोट्या डबीतून मी घेऊन जाते. पॅरिशने काम सोपवलंय. माझी विश्वासू म्हणून ख्याती आहे. त्या दिवशी कोंसूच्या शेजारच्या घरातली म्हातारी झोपली होती, म्हणून डबीत एक उरला. मी तशीच कोंसूकडे गेले. ती पडून होती, अर्धी झालेली. मी खाटेशी बसले आणि डबी उघडली. कुणाला विचारलं नव्हतं. आयुष्यभर नियमाच्या वहीत बोट घालून जगलेली बाई मी. म्हटलं, "कोंसू, घे." तिने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चादरीखाली तिचे पाय हलले. मला आधी वाटलं, दुखतंय. तिने दोन्ही गुडघे सावकाश एका बाजूला वळवले. म्हणाली, "जा तू पुढे. उशीर होईल तुला."

ती गेली त्या दिवशी मी शीलाचा निरोप घेऊन ऑफिसात गेले. आत्ताचे फादर तरुण, माझ्या धाकट्याच्या वयाचे. त्यांनी जुनं रजिस्टर काढून पान उलटलं. "आजी, इथे नवऱ्याचं नाव नाहीये. नुसती रेघ आहे." मी म्हटलं, "ती रेघ मी ओढलीय, फादर. अक्षरही माझंच आहे. चुकलंय ते." त्यांनी पेन पुढे केलं. रेघेच्या वर मी दशरथचं नाव लिहिलं. अक्षर आता सुंदर राहिलेलं नाही. संध्याकाळी मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव वाचलं गेलं, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्याने, माइकवरून. या वेळी हरकत घ्यायला कुणी गेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून मी शेवटच्या बाकावर, तिच्या जागी बसते. कडेचं लाकूड तिच्या हाताने गुळगुळीत झालंय. माझं लग्न देवळात झालंय, रकान्यात नवऱ्याचं नाव आहे, मला पुढे जायला कुणाची ना नाही. मी गेलेली नाही. नात विचारते, "आजी, तू का नाही येत?" मी सांगते, "गुडघे दुखतात गं." ते खोटं नाही. लोक उठतात तेव्हा मी गुडघे बाजूला वळवते. वाटतं तितकं ते सोपं नाही. कंबर पिळवटते, आणि माणसं इतकी जवळून जातात की त्यांच्या कपड्यांचा वास येतो. एकदा जाताना, एकदा येताना. परवा एक पोरगी लेसचा रुमाल सावरत, डोळे अर्धे मिटून माझ्या गुडघ्यांना घासून गेली. तिने खाली पाहिलं नाही. मीही कधी पाहिलं नव्हतं.