सोलापूरला गेलेला डबा

त्या सकाळी मी पोरीचा जेवणाचा डबा सोलापूरच्या बसमध्ये ठेवला. पोरगी शिकते लातूरला. आमचं गाव औसा. इथून लातूर एका बाजूला, सोलापूर बरोबर उलट्या बाजूला. सगळा जन्म या गावात गेलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागू नये. पण बसच्या पाटीवर लातूर आणि सोलापूर अशी दोन्ही नावं असतात, आणि माणसाला जे वाचायचं असतं तेच तो वाचतो. शिवाय मी त्या वेळी मोकळा नव्हतो. स्टँडवर भेटलेल्या एका ओळखीच्या गुरुजींना मी समजावून सांगत होतो, की मेस बंद करून यष्टीनं डबा पाठवायला लागल्यापासून आपला महिन्याला किती पैसा वाचतो. बोलता बोलताच बसमध्ये चढलो, ड्रायव्हरच्या सीटमागं पिशवी ठेवली, खाली उतरलो आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. गुरुजींनी मान डोलावली. बस सुटली. फाटकातून बाहेर पडून ती कुठल्या अंगाला वळली हे त्यांनीही पाहिलं नाही आणि मीही नाही.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "गेला डबा." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसतो. आल्यागेल्याला महिन्याच्या ठेवीचे फायदे सांगायचे, हे माझं काम. बचत कशी करावी हे रोज लोकांना सांगून सांगून आपल्याला ती येते असं वाटायला लागतं. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्याला आपण रोज पूजा करतो असं वाटावं, तसं. घरातली खरी बचत बायकोची. वर्षाची ज्वारी कधी घ्यायची, तूर भरडून कुठून आणायची, भिशी कोणत्या महिन्यात उचलायची, हे सगळं ती बघते आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मी बोलतो. माझी बचत म्हणजे ती पंख्याखाली बसली असताना पंखा बंद करणं, आणि संपत आलेल्या टूथपेस्टची ट्यूब कापून दाखवणं.

पोरीचं हे मेडिकलच्या परीक्षेचं दुसरं वर्ष. गेल्या साली थोडक्यात हुकलं. यंदाही नाही झालं तर बी.एस्सी.ला जाईन, पुन्हा क्लासचं नाव काढणार नाही, असं तिनं स्वतःच सांगून टाकलेलं. म्हणजे हे साल शेवटचं. लातूरला क्लासजवळ एका घरात तिची खोली, आणि कोपऱ्यावरच्या मावशींच्या मेसमध्ये दोन वेळचं जेवण, असा सगळा बेत बसलेला होता. दिवाळीनंतर मावशींनी दर वाढवला. वाढ फार नव्हती, पण मला निमित्त पुरलं.

लातूरच्या स्टँडवर मी पाहिलं होतं: आजूबाजूच्या गावांतून सकाळच्या बसनं डबे येतात. पिशवीवर नाव लिहिलेलं असतं, पोरं येऊन आपापली पिशवी घेऊन जातात. भाडं नाही, तिकीट नाही. मला वाटलं, एवढी साधी हिकमत आपल्याला आजवर कशी सुचली नाही? मेसच्या पैशात कितीतरी भाकरी होतात. तो हिशेब मी चहाच्या कपाबरोबर मांडला आणि चहा संपायच्या आत निकालही लावला.

बायको मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "डबा कोण करणार?"

"आपणच की," मी म्हणालो.

तिनं मेथीच्या दोन काड्या मोडल्या. मग म्हणाली की करीन, पोरीला घरचं मिळंल, पण आधी तिला विचारा. मी विचारलं. म्हणजे फोन करून म्हणालो, "बेटा, घरचं जेवण पाहिजे का रोज?" आईच्या हातच्या जेवणाला नाही म्हणणारं लेकरू मराठवाड्यात अजून जन्मायचंय. रोज स्टँडवर यावं लागेल, हे मी बोलण्याच्या शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितलं. मेस त्याच आठवड्यात बंद केली आणि वर पोरीचा हातखर्चही जरा कमी केला. बाहेरचं खाणं आता कशाला लागतंय?

मग आमच्या घरी बचतीचा कारभार सुरू झाला. बायको चारला उठायची. दोन वेळच्या भाकरी, एक कोरडी भाजी, एक पातळ, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे. डबा बांधून झाला की ती मला हाक मारायची. मी उठायचो, तोंड धुवायचो, चहा घ्यायचो, पिशवी स्कूटरला अडकवायचो आणि स्टँडवर नेऊन ठेवायचो. पतसंस्थेत सगळ्यांना सांगत होतो, "पोरीच्या डब्याचं मी बघतो." लोकांना कौतुक वाटायचं. एकदोघांनी तर आपल्या बायकांसमोर माझं उदाहरण दिलं म्हणे.

काही बारीकसारीक खर्च निघाले, नाही असं नाही. कंडक्टरला फुकट काम सांगायचं म्हणजे अधूनमधून चहा आला. रिकामे डबे परत येता येता वाटेतच कुठंतरी संन्यास घ्यायचे, म्हणून नवे घ्यावे लागले. खोलीतल्या दोघी मैत्रिणींना धपाटे आवडले, तेव्हा बायको तिघींच्या हिशेबानं थापायला लागली. गॅस लवकर संपायला लागला, तेव्हा मी तिला सांगितलं की हल्ली सिलिंडर भरून येत नाहीत. यातलं काहीही माझ्या हिशेबात बसत नव्हतं, म्हणून मी ते धरलंच नाही. रोज रात्री पोरीला फोन करायचो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मिळाला का डबा? आपले किती वाचायलेत, माहितंय का!"

ती म्हणायची, "हाव पप्पा."

डबा सोलापूरला निघाला त्या दिवशी, दहा-साडेदहाला बायकोचा फोन वाजला. मी पतसंस्थेत जायला बूट घालत होतो. क्लासच्या वेळात पोरगी कधी फोन करत नाही, म्हणून बायकोनं हातातलं पीठ न धुताच तो उचलला. पोरगी स्टँडवर उभी होती. औशावरून येणाऱ्या तीन बसमध्ये चढून बघून आली होती. तिसऱ्या बसच्या कंडक्टरनं, "रोज रोज काय आमच्या बसमध्ये हुडकतीस गं," असं म्हटल्यावर तिला रडू आलं होतं.

मी फोन घेतला आणि अधिकारवाणीनं सांगायला लागलो, की अगं लाल गाडी, अमुक वेळची, पाटीवर लातूर आणि... एवढं म्हणेपर्यंत ती पाटी माझ्या डोळ्यांपुढं पूर्ण उभी राहिली. मी फोन बायकोकडं परत दिला.

तो डबा पुढं दोन दिवसांनी परत आला. रिकामा, आणि घासून लख्ख केलेला. धपाटे तुळजापुरात संपले की सोलापुरात, ते कळलं नाही. ज्यानं कुणी खाल्ले तो भला माणूस होता आणि भुकेला होता, एवढंच त्यावरून सांगता येतं.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता बायको बोलणार. तिनं गॅस बंद केला, उरलेल्या दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली, लुगडं नीट केलं आणि चपला घातल्या. मी म्हणालो, मला कामावर जायचंय. ती तोवर फाटकापर्यंत पोचली होती. मग मीही निघालो. स्टँडवर मी बसची पाटी दोनदा वाचली. माझ्यामागं उभं राहून तिनंही वाचली.

लातूरला खोलीवर गेलो तर पोरगी क्लासला गेलेली. घरमालकीण ओट्यावर गहू पाखडत बसली होती. बायकोला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, पोरीचं तोंड भरून कौतुक केलं. मग जरा घोटाळली. माझ्याकडं बघत बायकोला म्हणाली, "एक बोलू का ताई, राग येऊ द्यायचा न्हाई. नऊला क्लास बसतंय, अन् तुमची पोरगी नऊला स्टँडवर. पळत जाती, पळत येती. पहिला तास रोज बुडायलाय तिचा."

"रोज?" बायकोनं विचारलं.

"मेस बंद केल्यापासून रोज."

पहिला तास फिजिक्सचा. गेल्या साली ती हुकली होती ती फिजिक्समध्येच. त्याच तासासाठी आम्ही क्लासची एवढी फी भरली होती, आणि त्या फीपुढं मेसचे पैसे म्हणजे चणेफुटाणे. हे गणित पतसंस्थेत माझ्यासमोर कुणी मांडलं असतं तर मी त्याला खुर्चीत बसवून समजावलं असतं. मी ओट्यावरच्या गव्हातले खडे बघत बसलो.

दुपारी पोरगी आली. आईला बघून आधी हसली आणि मग फडक्यातल्या भाकरीकडं बघून थांबली. बायकोनं तिला जेवू दिलं. कशी जेवली ते सांगत नाही. हाताची मनगटं तेवढी माझ्या नजरेस पडली. सकाळी आलेल्या डब्यातली अर्धी भाकरी ती संध्याकाळी गार खात होती हे त्याच वेळी कळलं. चालत जाऊन चालत येत होती हेही; रिक्षाचे पैसे हातखर्चातून निघतात, आणि हातखर्च मी कमी केला होता.

"मला एका शब्दानं सांगायचं होतंस," मी म्हणालो. आवाज जरा चढवूनच म्हणालो. चूक आपली असली की माझा आवाज चढतो.

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "काय सांगू पप्पा? तुम्ही रोज विचारायचे, किती वाचले आपले. एवढे खूश असायचे."

बायको म्हणाली, "अन् मला?"

"तू चारला उठून करतीस मम्मी. तुला कसं नको म्हणू?"

यावर बायकोनं तिच्या ताटात चटणी वाढली. घरमालकीण आत निघून गेली; जरा वेळानं बायकोही तिच्याकडं जाऊन आली. मी उठून बूट शोधायला लागलो, कारण खोलीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मेस कोपऱ्यावरच. पोरीला झोपायला सांगून आम्ही दोघं तिकडं गेलो. मावशी हात पुसत बाहेर आल्या. जागा आहे म्हणाल्या. अनामत पुन्हा भरावी लागेल, आणि आता दर नवा, म्हणजे मी ज्याला महाग म्हणून सोडून आलो होतो त्याच्याहून वरचा. मला गप्प बसायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांची सवय. मी म्हणालो, मावशी, आम्ही तर जुने गिऱ्हाईक, काहीतरी जमवून घ्या. अनामत तरी जुनीच धरा. मावशींनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं की मेस सोडून पोरगी कुठं जेवत होती? मी भिंतीवरचा दरांचा फलक वाचायला लागलो.

तेवढ्यात बायकोनं कमरेचा बटवा सोडला. भिशीचे पैसे होते ते, या महिन्याचे. मला वाटत होतं त्यांची कुठंतरी सोय लागली असणार. ती बिनबोभाट जवळच बाळगून होती. तिनं नोटा टेबलावर ठेवल्या.

मावशींनी वही ओढली. "एक ताट ना?"

"दोन," बायको म्हणाली. "एक लेकीचं, एक माझं."

मावशींनी मान वर केली. मीही. बायको मग माझ्याकडं वळली आणि घरात मीठ संपलंय हे सांगावं तितक्या सहज म्हणाली, "परीक्षेपर्यंत मी हितंच राहते तिच्यापाशी. मालकिणीला विचारलंय, ती हाव म्हणालीय. पोरगी अभ्यास करंल, अन् मी दोन टाइम बसून खाईन, कुणीतरी वाढलेलं. घरी पीठ हाय, डाळ हाय, तिखट बरणीत हाय. तुमचं एकट्याचं कितीसं लागतंय? करून खावा काटकसरीनं."