संडास कोणी धुवायचा?

डोणगावच्या स्टँडवर एसटी लागली होती आणि मला सोडायला आलेले बाबा तिथेही प्रवाशांना जातिभेदाविरुद्धची आपली पत्रकं वाटत होते. गाडी हलली तसे खिडकीशी धावत आले. "तिकडच्या शाळा पाह्यजो. पोट्ट्याईले मानूस कसे बनवतात, ते आमाले कळव."

जपानहून कळवलं. नागोयातल्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे जेवणानंतर मुलंच वर्ग पुसतात, संडास धुतात. पाळी ठरलेली, डॉक्टरचा मुलगाही सुटत नाही. जपान काही स्वर्ग नाही. वेगळ्या रंगाच्या पोरीला इथेही एकटं पाडतात, आणि नीतीच्या तासाला सगळे गोड गोड उत्तरं देतात. पण संडास कोणी धुवायचा, हे जन्मावरून ठरत नाही. मी व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

आठवड्याभरात भावाच्या मुलीचा, सातवीतल्या समीक्षाचा फोन.

"आत्या, सरनं तुहा व्हिडिओ दाखवला. म्हणे, जपानचे पोट्टे धुतात, तुमाले काऊन लाज वाटते?"

"मंग कोणाले लावलं?"

"आमाले. बौद्धवाड्यातल्या पोरीयले. पाटलाचा पोट्टा झाडाले पानी टाकते."

दादा शाळेत गेला. "सर, सगळ्याईची पाळी लावा." सर हसले. "बाकीचे पालक ऐकत नाहीत हो. अन् कल्पना तुमच्या बहिणीचीच ना?"

माझी कल्पना! हे आमचं मूल्यशिक्षण. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बंधुभाव, परिपाठात समता, मधल्या सुट्टीत जात. बाहेरून काहीही आणा, हे लोक आधी त्याला जात चिकटवतात. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, 'तिकडे किती शिस्त' म्हणत व्हिडिओ धाडणारे, ती शिस्त गावात कोणाच्या मानेवर बसते हे कधी विचारलंत?

समीक्षानं झाडू घेतला नाही. सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. माझी आई नातीला विनवते, "घे वो माय, शाळा सुटली तं सारंच सुटते." पोरगी ऐकत नाही. रोज जाते, दाराबाहेर उभी राहून गणितं लिहून घेते. बाबांचं नवं पत्रक छापायला गेलंय. या वेळी मजकूर माझा आहे, खाली नावही माझं.

इथले सहकारी विचारतात, घरी कधी जाणार? घर म्हणजे माझ्यासाठी आता आईचं अंगण नाही. तो सातवीचा वर्ग आहे. समीक्षा त्यात जाऊन बसेपर्यंत त्या गावात मला घर नाही.