मध्यभागी ओढलेला ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे जाळीवाली म्हणायचे. पेशीतली कुठली प्रथिनं कुणाकुणाशी जुळतात, याची जाळी ती एका सॉफ्टवेअरवर काढून द्यायची. प्रथिन म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. सगळ्या रेघा एकदम दाखवल्या की मोरीच्या भोकातून उपसलेल्या केसांसारखा किळसवाणा गोळा व्हायचा. मग कच्च्या पुराव्याच्या रेघा गाळत ती चिकाटीने तो गुंता सोडवत बसायची.

तिच्या साहेबांचं एक लाडकं प्रथिन होतं. अर्धी हयात त्यांनी त्याच्यावर भाषणं दिली होती. नव्या जाळीत ते बिचारं कडेला, दोन रेघांवर लोंबकळत होतं. साहेब उकडलेलं अंडं खात तिच्या शेजारी येऊन बसले.

"हे असं कोपऱ्यात का टाकलंयस?"

"मी नाही टाकलं, सर. पुरावाच तेवढा आहे."

"मग पुराव्याची अट जरा सैल कर."

"सगळा गुंता परत येईल."

"सगळ्यांसाठी कोण म्हणतंय? याच्यापुरती कर. बाकीचे ठिपके नुसते लपव. पुसू नकोस हं, पुसणं म्हणजे लबाडी!"

ती हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच माउस घेतला. सगळं मनासारखं करून ठिपका मध्यभागी ओढला, फुगवून टम्म केला. माउसला पिवळा बलक चिकटला.

"जाळीत ठिपक्याच्या जागेला काही अर्थ नसतो सर, पण बघणाऱ्याला मधलाच राजा वाटतो."

"म्हणूनच तर!" म्हणत साहेबांनी बोटं चाटली.

घरी तिला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "निदान तुझं नाव तरी काढून घे त्या लेखातून."

दुसऱ्या दिवशी तिने तसं सांगितलं. साहेब चिडतील, गळ घालतील, असं तिला वाटलं होतं. ते खूश झाले. "बरं केलंस. मेहुण्याचं नाव घालायचं होतं, जागाच नव्हती."

लेख छापून आला. चित्र माणसाएवढं मोठं करून दारासमोरच्या भिंतीवर लागलं. पाहुणे आले की समजावून सांगायला मात्र जाळीवालीच लागायची. एकदा एका पाहुणीने कौतुकाने विचारलं, "हे बरोबर मध्ये कसं काय आलं?"

"सरांनी ओढलं," ती म्हणाली. "हाताने. आजूबाजूचे लपवलेत."

सगळे खो खो हसले. सगळ्यात जोरात साहेब. "आमची जाळीवाली फार मिश्कील आहे!" त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

ती तडक बेसिनवर गेली आणि साबणाने खांदा चोळत राहिली. पदर नुसता भिजला, बाकी काही झालं नाही. त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला.

आता ती दुसरीकडे, एका खुराड्यासारख्या खोलीत जाळ्या काढते. मशीन रखडतं, पगार कमी आहे. साहेबांना बढती मिळाल्याचं परवा कुणीतरी फोनवर सांगितलं.

"मिळणारच," ती म्हणाली, आणि तोंड कडू झाल्यासारखं वाटून तिने चूळ भरली.